नसलेला उंबरठा

१

फोटो जागेवर नाही हे पहिल्यांदा मामांच्याच लक्षात आलं, आणि तेच त्यांना भोवलं.

मामा म्हणजे जहाजावरचे सगळ्यांत जुने वेटर. जहाज पाण्यात उतरलं तेव्हापासून ते त्यावर होते. कप्तान बदलले, मालक बदलले, पडद्यांचे रंग तर किती वेळा बदलले. मामा तेच राहिले. वर्षानुवर्षं याच सफरीला येणाऱ्या जुन्या प्रवाशांच्या लेखी जहाज म्हणजे मामा आणि त्यांच्याभोवती ठोकलेलं थोडंफार लोखंड.

दर सफरीत एका संध्याकाळी या जुन्या प्रवाशांचा मेळावा भरे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातून पहिल्या सफरीचा फोटो बाहेर निघे. चांदीची चौकट, आणि आत जिन्यावर दाटीवाटीनं उभी राहिलेली माणसं. तो एका हातातून दुसऱ्या हातात फिरे. ज्याचा त्यानं आपला तरुण चेहरा शोधायचा, आणि जे आता येत नाहीत त्यांच्यावर क्षणभर बोट टेकवायचं.

आज संध्याकाळी तो मेळावा होता. दुपारचा चहा आटोपल्यावर मामांनी कपाट उघडलं, फोटो आणि शेजारचा चांदीचा चषक पुसून टेबलावर ठेवले आणि ते टेबलक्लॉथ आणायला गेले. परत आले तेव्हा चषक होता, फोटो नव्हता.

"कपाटाची किल्ली तुमच्याकडे. खोलीत तुम्ही एकटे," व्यवस्थापक म्हणाला. तो पोरगेला होता आणि नोकरीवर नवा, त्यामुळे त्याचा आवाज लागत होता त्यापेक्षा जरा वर चढला. "मेळाव्यापर्यंत चौकट सापडली तर ठीक. नाहीतर उद्या सकाळी बंदर लागेल, तिथं तुम्ही सामान घेऊन उतरायचं."

"ठीक आहे, साहेब," मामा म्हणाले.

शेजारच्या वाचनकोपऱ्यात पुस्तकाआड बसलेल्या ग्रंथपालांनी हे सगळं ऐकलं. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण जहाजावर सगळे त्यांना ग्रंथपालच म्हणत. निरपराध माणूस असा आळ आल्यावर चिडतो, रडतो, निदान देवाची शपथ तरी घेतो. मामांनी फक्त टेबलक्लॉथची घडी नीट केली.

मामांनी चोरी केली नव्हती, हे ग्रंथपालांना पटलं होतं. पण चोर कोण हे मामांना माहीत होतं, असंही त्यांना वाटून गेलं. आणि त्या विचारानं ते अस्वस्थ झाले.

२

"तू शोध," ताई म्हणाली.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून दोघं भावंडंच या सफरीला येत.

"मी? ताई, अगं मला समोरच्याशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत."

"जन्मभर रहस्यकथा वाचल्यास ना? उन्हाळ्यात, हिवाळ्यात, जेवताना, न्हाताना. त्या वाचून शेवटी काय उपयोग, पुस्तकांचा दर्प येण्यापलीकडे?"

"पुस्तकात चोर लेखकानं आधीच ठरवलेला असतो. इथं कुणी ठरवलाय?"

"इथं त्या पोरानं ठरवलाय. मामा. आणि उद्या सकाळी तो मामांना काठावर टाकून पुढे जाणार. निवृत्तीला आलेला माणूस, जाताना पाठीवर चोर असा शिक्का घेऊन जाईल. ते तुला चालणार असेल तर वाच तुझं पुस्तक."

ग्रंथपालांनी पुस्तक मिटलं. खूण घालायलाही विसरले.

खरं तर जहाज आता पूर्वीचं राहिलं नाही, ही जुन्या प्रवाशांची रोजची ओवी होती. सूप पातळ झालं, वाद्यवृंद जाऊन कर्णे आले, डेकवरच्या लाकडी खुर्च्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या, समुद्रसुद्धा पूर्वी जास्त निळा होता. मग येता कशाला, असं एका नवख्या प्रवाशानं विचारलं तेव्हा ताईनं उत्तर दिलं होतं, "घरी स्वयंपाकघर आहे. इथं आहे, पण माझं नाही." लोक हसले. ग्रंथपाल हसले नाहीत. संध्याकाळी कठड्याच्या एका ठरावीक जागी ताई एकटी का उभी राहते, हे त्यांना माहीत होतं. भावोजी तिथं उभे राहून पाइप ओढत.

यंदाच्या डागडुजीत दिवाणखान्याच्या दारातला लोखंडी उंबरठाही कापून टाकला होता. जहाजाच्या आतल्या भागात तेवढा एकच उंबरठा होता, गुडघ्याच्या खाली येईल इतका उंच. बाकीची आतली दारं पहिल्यापासून सपाट. आता तिथंही गालिचा सरळ आत जाई. पण जुन्या पायांना ते कोण सांगणार? जुना प्रवासी दाराशी आला की पाय आपोआप उचलला जाई, आणि नसलेल्या उंबरठ्यावरून पलीकडे पडे. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी सगळी मंडळी अशी एकामागून एक पाय उचलत आत आली, तेव्हा ताई म्हणाली होती, "बघा, सर्कशीतले घोडे आले."

३

संशय घेण्यासारखी माणसं दोन होती.

पहिले कमोडोर. आयुष्यभर सिमेंट विकलेला माणूस, पण नौदलाच्या अधिकाऱ्यासारखी पांढरी टोपी घालून हिंडे आणि आपण पहिल्या सफरीपासून येतो असं येताजाता सांगे. डोळे अधू झाले होते. चष्मा मात्र लावत नसत, टोपीखाली शोभत नाही म्हणून.

"कमोडोर, तो फोटो..." ग्रंथपालांनी त्यांच्या बुटांकडे पाहत सुरुवात केली. लाजाळू माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत पाहणं जमत नाही. त्याची नजर खालीच राहते.

"वाईट झालं! फार वाईट! माझं तर काळीजच तुटलं."

"पण तुम्ही त्या फोटोत नाही."

"कसा असेन? फोटो मीच काढला ना!"

"असं तुम्ही दर वर्षी सांगता."

 कमोडोर आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाहा, मी दुसऱ्या सफरीपासूनचा. पण हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. आणि मला सांगा, तो फोटो गेला तर मी तो काढला असं सांगायचं कशाच्या जोरावर? मला तर तो हवाच."

दुसऱ्या बुलबुलबाई. एके काळी जहाजाच्या वाद्यवृंदाबरोबर गात, आता नुसत्याच प्रवासाला येत. काल रात्रीच्या जेवणात सर्वांसमोर म्हणाल्या होत्या, "तो फोटो एकदा समुद्रात फेकून द्या!"

"म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या. "दर वर्षी म्हणते. कंबर बघितलीत का माझी त्यात? कुणाला दाखवलं तर विचारतात, ही कोण? सांगावं लागतं, मीच." मग त्यांच्या पायातली सपाट पादत्राणं उगाच एकमेकांवर घासली गेली. "पण मेळाव्यात फोटो हातात आला की मी जरा जास्तच वेळ धरते, हे पाहिलंय तुम्ही. खरं ना?"

खरं होतं. मागून ओरड होईपर्यंत बुलबुलबाई फोटो सोडत नसत.

ग्रंथपाल डेकवर आले. दोघं खोटं बोलत नव्हती. निदान या बाबतीत नाही. आणि त्यांच्याकडे आता तिसरं नाव नव्हतं. उन्हं कलायला लागली होती.

४

डेकवर वारा सुटला होता. चष्मेवाले आणि त्यांची बायको प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. चष्म्याचं दुकान मुलाकडे सोपवून निवांत झालेले गृहस्थ. टक्कल, पांढरी दाढी, बोलणं बेताचं. बायको शाळेची मुख्याध्यापिका होती. दोघांनी उतारवयात लग्न केलं होतं. पहिल्या दिवशी चहाला तिनं सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "आम्ही दोघंही पहिल्यांदाच! यांनी तर समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. मी गुपचूप तिकिटं काढली." चष्मेवाल्यांनी मान डोलावली होती.

आत्ता ती हात पोटाशी आवळून बसली होती आणि मांडीवर जहाजाचा नकाशा पसरला होता.

"अहो, चहानंतर माझी शाल दिवाणखान्यात राहिली म्हणून आणायला गेला होतात ना?"

"आणली की."

"मग कुठंय?"

"केबिनमध्ये ठेवून आलो."

"वा! थंडी मला इथं वाजतेय आणि शाल तिथं झोपलीय. शाळेत असतात तर बाकावर उभं केलं असतं." ती ग्रंथपालांकडे वळली. "बघा हो, असं असतं. आणि आज मेळाव्याला आम्हालाही बोलावलंय! दुपारी चिठ्ठी आली. म्हणे यंदा पहिल्यांदाच नव्या प्रवाशांनाही बोलावताहेत. जुना फोटो दाखवणार होते, पण तो गेला म्हणे. मला फार बघायचा होता."

"हं," ग्रंथपाल म्हणाले. नेहमीप्रमाणे त्यांची नजर खाली होती. चष्मेवाल्यांच्या पायांत तपकिरी, नीट पॉलिश केलेले बूट होते.

ते बूट त्यांनी याआधी पाहिले होते. कुठं पाहिले होते ते आठवलं, आणि ते मामांना शोधायला निघाले.

५

मामा भांडारात कप पुसत होते. उद्या उतरावं लागेल म्हणून एकही कप कमी चकचकीत होत नव्हता.

"मामा, एक विचारू? नुसतं कुतूहल म्हणून."

"विचारा ना, साहेब."

"एखादा जुना प्रवासी बऱ्याच वर्षांनी आला, आणि त्यानं ओळखच दाखवली नाही, तर तुम्ही काय करता?"

मामांचा हात थांबला नाही, पण फडकं त्याच कपावर पुन्हा फिरलं.

"काही नाही करत. पहिल्या वर्षी आमच्या मुकादमानं हेच शिकवलं. प्रवासी 'मामा!' म्हणाला तर आपण 'या' म्हणायचं. तो नाही म्हणाला, तर तो पहिल्यांदाच आलाय. कोण कुणाबरोबर आलंय, घरी काय सांगून आलंय, मागच्या खेपेला बरोबर असलेलं माणूस आता आहे की नाही, हे आपल्याला काय ठाऊक? ओळख आधी त्यानं द्यायची. आपण कधीच नाही."

"त्यापायी नोकरी गेली तरी?"

मामा हसले. "नोकरी काय, आज ना उद्या जायचीच होती. साहेब, चहा देऊ? तुमचा कमी दुधाचा."

"मामा, तुम्ही माणसाला चेहऱ्यावरून लक्षात ठेवता की चहावरून?"

"चेहरे बदलतात हो," मामा म्हणाले, आणि मग त्यांना कळलं की आपण जरा जास्तच बोललो. त्यांनी पाठ फिरवली.

६

"कळलं," ग्रंथपाल ताईच्या केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले. "म्हणजे, वाटतंय. चुकतही असेन. माझं काय, मी..."

"आत ये, बस, आणि चुकायचं असेल तर मोठ्यानं चूक."

ते पलंगाच्या कडेवर बसले.

"चोराला चांदी नको होती. शेजारचा चषक चौकटीपेक्षा जड, तो तसाच राहिला. म्हणजे हवा होता तो फोटो. आता तो फोटो दर वर्षी फिरतो. कमोडोर, बुलबुलबाई, आपण सगळे दर वर्षी बघतो. मग ज्यानं चोरला त्याला यंदाचाच मुहूर्त का? यंदा एकच गोष्ट नवी आहे. नव्या प्रवाशांना बोलावलंय, तेही आज दुपारी. म्हणजे एखाद्या नव्या प्रवाशानं तो फोटो पाहू नये, असं कुणाला तरी वाटलं."

"पण नव्याला जुन्या फोटोचं काय?"

"नव्याला काही नाही. पण त्याच्याबरोबरचा नवा नसेल तर? आपण त्या फोटोत आहोत, आणि आपल्या माणसाला आपण तिथं दिसणार, हे ज्याला ठाऊक आहे तो. पहिल्या दिवशी चहाला सगळे आत येत होते, तू घोडे म्हणालीस, आठवतं? मी खाली बघत होतो. चष्मेवाल्यांची बायको सरळ चालत आत आली. तिच्यामागून तपकिरी बूट आले. दाराशी त्यांतला एक वर उचलला गेला, चांगला उंच, आणि पलीकडे पडला."

ताईनं डोळे मोठे केले.

"पहिल्यांदा जहाजावर आलेल्याला तिथं उंबरठा होता हे कसं कळणार? तोंड खोटं बोललं, पाय खोटं बोलला नाही. आणि मग मामांनी चहा मांडला. सगळ्यांच्या कपांचे कान उजवीकडे. चष्मेवाल्यांच्या एकट्याच्या कपाचा डावीकडे. ते डावरे आहेत, पण तोवर त्यांनी टेबलावर हातच ठेवला नव्हता. मामांनी चेहरा ओळखला असेल-नसेल, हात ओळखला. आणि चहानंतर बायकोची शाल आणायला दिवाणखान्यात गेलेला माणूस ती शाल थंडीत बसलेल्या बायकोला न देता केबिनमध्ये का ठेवून येतो? कारण शालीत काहीतरी गुंडाळलेलं आहे."

"अरे देवा," ताई म्हणाली. "आणि मामांना माहीत आहे?"

"माहीत आहे. ते सांगणार नाहीत. उद्या उतरतील, पण सांगणार नाहीत."

"मग तू सांग त्या व्यवस्थापकाला."

ग्रंथपाल उठले आणि पुन्हा बसले. "ताई, मी सांगितलं तर मामा वाचतील. पण जे मामांनी नोकरी पणाला लावून झाकलं, तेच मी चव्हाट्यावर आणल्यासारखं होईल."

"मग?"

"मग ते त्यांनीच सांगायला हवं."

७

चष्मेवाले कठड्याशी एकटेच उभे होते. बायको मेळाव्यासाठी पुढे गेली होती. ग्रंथपाल त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि पाण्याकडे पाहत म्हणाले, "मामांना उद्या बंदरात उतरवणार आहेत. चोर म्हणून."

"काय?" चष्मेवाल्यांनी कठडा घट्ट धरला. "मला वाटलं, फोटो हरवला एवढंच म्हणतील. एक संध्याकाळ निघून गेली की मी गुपचूप परत ठेवणार होतो. खरंच ठेवणार होतो."

"मामांनी तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं. आणि ते गप्प आहेत."



"पहिल्या बायकोबरोबर यायचो," चष्मेवाले म्हणाले. "पहिल्या सफरीपासून ओळीनं कितीतरी वर्षं. तेव्हा मिशा होत्या, केस होते. ती गेली आणि मी हे जहाज मनातून बुडवून टाकलं. मग हिनं एक दिवस तिकिटं समोर ठेवली. इतकी खूश होती! म्हणाली, तुम्ही जन्मात काही पाहिलं नाही, मी दाखवते. त्या क्षणी 'पाहिलंय' म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. मग जिना चढून वर आलो तर सगळं तेच. वास तोच. मला वाटलं, आता सांगितलं तर हिला वाटेल, हिनं भेट दिलेल्या सफरीतही मी दुसऱ्याच कुणाबरोबर फिरतोय."

"फिरत होतात का?"

"थोडंसं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

 ग्रंथपालांनी वाचलेल्या कोणत्याच पुस्तकात गुन्हेगाराला काय सांत्वन द्यावं हे लिहिलं नव्हतं. "फोटो आता गुपचूप ठेवलात, तरी मामांवरचा डाग राहील," एवढंच ते म्हणाले. "म्हणतील, घाबरून परत आणला."

चष्मेवाल्यांनी मान हलवली आणि ते केबिनच्या दिशेनं निघाले. चार पावलं जाऊन थांबले. "तुम्ही याल बरोबर? दिवाणखान्यापर्यंत?"

मेळावा भरला होता, पण त्यात जीव नव्हता. मामा कोपऱ्यात ट्रे घेऊन उभे, व्यवस्थापक घड्याळाकडे बघत. चष्मेवाले शालीत गुंडाळलेली चौकट घेऊन आत आले आणि सरळ त्याच्यापुढे गेले.

"ही मी घेतली होती. मामांचा काही संबंध नाही. त्यांनी मला पाहिलं असेल, तरी ते सांगणार नाहीत. म्हणून मी सांगतोय."

व्यवस्थापकाचं तोंड उघडं राहिलं. "पण... का?"

"यात मी आहे म्हणून."

खोलीत कुजबुज उठली. मुख्याध्यापिका उठून पुढे आल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. नवऱ्याच्या हातून चौकट घेतली, दिव्याखाली धरली, आणि त्या जिन्यावरच्या माणसांत शोधू लागल्या. मिशांना त्यांची नजर एकदा ओलांडून गेली, परत आली. मिशांच्या शेजारी एक बाई तोंड उघडून, डोळे मिटून, अगदी खळखळून हसत होती.

"तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि ही ती."

"हो."

"म्हणजे तीन दिवस मी नकाशा हातात धरून तुम्हाला जहाज दाखवत हिंडले. हा बघा डेक, ही बघा पायरी, जपून हं, पडाल. आणि तुम्ही मान डोलवत होतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुधा ताई.

"रागावलीस?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

"रागावलेय. चांगलीच रागावलेय. ते घरी गेल्यावर बघू. रजिस्टरला नोंद झालीय." मग शाळेत वळत असतील तशा त्या वळल्या. "व्यवस्थापक, आधी त्या मामांची माफी मागा. सगळ्यांसमोर. मोठ्यानं."

व्यवस्थापकानं माफी मागितली. दोनदा, पहिली नीट ऐकू आली नाही असं ताईचं म्हणणं पडलं. मामा म्हणाले, "असू दे, साहेब," आणि त्यांनी ट्रे पहिल्यांदाच खाली ठेवला.

मुख्याध्यापिकाबाई अजून फोटोच बघत होत्या. खोली त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि शेजारची खुर्ची नवऱ्यासाठी सरकवली.

"बसा इथं," त्या म्हणाल्या. "आणि मला सांगा, ही एवढी हसतेय कशाला?"

चष्मेवाले बसले. त्यांनी घसा साफ केला, एकदा मामांकडे पाहिलं, आणि सांगायला सुरुवात केली.